जांभळीखालची झोळी

आमच्या घरात रिवाज असा होता की गड्यामाणसानं आपलं पोर आपल्या बापासमोर उचलायचं नाही. आवडायचं नाही असं नव्हे; उचलायचंच नाही. आजा ओसरीवर बसलेला असला आणि माझा तान्हा भाऊ अंगणात रडून रडून निळा पडला, तरी माझा बाप त्याच्या शेजारून जाऊन बैलांना पाणी दाखवायचा. मोठ्यांच्या देखत पोराचं कौतुक म्हणजे बायकोचंच कौतुक, आणि तेवढी लाज सोडलेला माणूस त्या काळी आमच्या मोशी गावात तरी कुणी नव्हता. हे सांगितलं की माझ्या नाती माझ्याकडे अशा बघतात, की म्हातारी काहीतरी जुळवून सांगतेय. बघू देत. त्यांचे नवरे पोरांना पोटाशी बांधून बाजारात हिंडतात ते बघून मला बरंच वाटतं, पण म्हणून आमच्या वेळचं खोटं होत नाही.

मग पोरं उचलायची कुणी? तर एकमेकांची. पुतण्याला उचलायला कुणाची आडकाठी नव्हती. माझा बाप चुलत्याच्या पोराला, म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या चुलतभावाला, दिवसभर खांद्यावर मिरवायचा. आणि चुलता मला. झोका द्यायचा चुलत्यानं, काटा काढायचा चुलत्यानं, जत्रेत रेवड्या घ्यायच्या त्या चुलत्यानं. बापाला मी हाकही 'दादा' अशीच मारायची, कारण चुलता त्याला दादा म्हणायचा. चुलत्याच्या अंगाला बैलाचा आणि तंबाखूचा वास यायचा, तो मी डोळे मिटून ओळखला असता. बापाच्या अंगाला कसला वास येतो हे आठ वर्षांची होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. राग यायचा का? यायचा. पण तो कुणाला सांगायचा असतो हेही ठाऊक नव्हतं.

माझ्या पाठीवर आईची दोन बाळं गेली होती. एक जन्मतःच गेलं, दुसरं सहा महिन्यांचं होऊन. त्यानंतर हा भाऊ झाला. त्यामुळे आई त्याच्या बाबतीत जरा वेडीच झाली होती. तो शिंकला तरी ती हातातलं काम टाकायची आणि मग सासरा बघतोय हे लक्षात आलं की पुन्हा उचलायची. चुलती तिला हसायची. "जाऊबाई, पोर हाय ते, काचंचा गिल्लास न्हाई," असं म्हणायची. चुलती मनानं चांगली होती, पण तिचं एकही बाळ दगावलेलं नव्हतं.

त्या साली मार्गशीर्षात आम्ही सगळे पवनेपलीकडं माण गावच्या डोंगरावर गवत कापायला गेलो. आमच्या मोशीकडे पाऊस बेताचा, गवत गुडघ्याच्या वर जायचं नाही. माणच्या वरच्या अंगाला मात्र आत शिरलेला माणूस दिसणार नाही एवढं गवत माजायचं. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचं कुरण होतं. आम्ही कापायचं, निम्मं त्याला, निम्मं आम्हाला. बाजरी निघालेली असायची, ज्वारी अजून पोटरीला यायची असायची, तेवढ्या मोकळ्या दिवसांत सगळं घर गाडीत घालायचं, डोंगरावर खोप बांधायची आणि गवत सरेपर्यंत तिथंच राहायचं. आजी तेवढी म्हशीसाठी मागं राहायची. आता माझी नातवंडं तंबू घेऊन त्याच बाजूला राहायला जातात. सोबत गाद्या, दिवे, आणि खायला इतकं की गावजेवण उठावं. वर त्याचे पैसे मोजतात. आम्ही फुकट राहायचो, फक्त पाठ मोडेपर्यंत काम करावं लागायचं.

पण आम्हा पोरांना ती मौजच होती. चिंचवडच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा आगगाडी इतक्या जवळून गेली की बैल मागं सरले. पुढं पवनेच्या उतारातून गाडी पाण्यात घातली तेव्हा मी पाय खाली सोडून बसले आणि परकराचं टोक भिजलं म्हणून बोलणी खाल्ली. आईला यायचंच नव्हतं. तान्हं पोर घेऊन थंडीत डोंगरावर कशाला, असं तिनं आजीकडून म्हणवून बघितलं होतं. आजा म्हणाला होता, दोन हात कमी झाले तर आठ दिवसांचं काम पंधरा दिवस पुरंल. झालं, विषय संपला.

खोप घातली ती ओढ्यापासून थोडी वर, सपाटीला. त्याच्याही वर, हाकेच्या टप्प्यात, एक जांभळीचं मोठं झाड होतं. सगळ्या उतारावर गर्द सावली तेवढीच. आईनं बाळाची झोळी तिथं टांगायची ठरवली, पण आधी तिनं झाडाखालचं गवत मुळापासून काढायला लावलं. इचूकाट्याची, जनावराची भीती, असं तिचं म्हणणं. सापाला ती सापही म्हणायची नाही. बापानं गवत कापलं. तिला तेवढ्यानं पटेना. तो आजा आसपास नाही असं बघून पुन्हा गेला आणि खुरप्यानं गवताची सडं, म्हणजे मागं उरलेली खुंटंसुद्धा उपटली, वाळक्या पानांचं चगाळ लोटून टाकलं, खालची लाल माती उघडी केली. चुलती म्हणाली, "आता सारवून रांगोळी तेवढी काढा." आई हसली नाही. आणखी हातभर काढा म्हणून तिनं मला बापाकडे धाडलं, आणि बापानं गुपचूप आणखी हातभर काढलं. मला आठवतंय, मी जांभळीच्या बुंध्याशी बसून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढं सगळं बाळासाठी, माझ्यासाठी कधी काही नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. मोठी माणसं कापायची, आई आणि चुलती पेंढ्या बांधायच्या, मी झोळी हलवायची आणि चुलतभावाला ओढ्याकडे जाऊ द्यायची नाही. दुपारी झाडाखाली भाकरी, ठेचा, कांदा.

मग एका सकाळी आईला धूर दिसला.

डोंगराच्या धारेपलीकडून एक पातळ, पिवळट पट्टा वर चढत होता. आई चुलीपुढून उठून उभी राहिली आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिली. तव्यावरची भाकर करपली तरी तिला कळलं नाही. सासऱ्याशी ती थेट बोलायची नाही. काही सांगायचं तर मधे मी. आजा चार पावलांवर बसून विळ्याला धार लावत होता, आणि आई मला म्हणाली, "आबास्नी म्हण, पलीकडं धूर दिसतोय."

मी म्हटलं. आजानं ऐकलेलं होतंच, पण मी सांगेपर्यंत मान वर केली नाही. मग डोळ्यांवर हात धरून बघितलं. "गुराख्यांनी शेकोटी केली असंल. लांब हाय ते. तुझ्या आईला म्हणावं, भाकरीकडं बघ."

आई भाकरीकडे बघायला लागली, पण तिचे हात पुन्हा पुन्हा थांबत होते. मला कारण नसताना रडावंसं वाटायला लागलं. आई घाबरली की मीही घाबरायची, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी धुराचा वास आला की मी अजून उठून बाहेर बघून येते.

दुपारपर्यंत पट्टा रुंद झाला होता. उन्हाला तांबूस झाक आली. आम्ही जांभळीखाली जेवायला बसलो तेव्हा माझ्या भाकरीवर काहीतरी काळं येऊन पडलं. मला वाटलं माशी. बोटानं उचललं तर त्याची पूड झाली. गवताची जळलेली काडी होती ती. आजानं माझं बोट हातात धरून बघितलं, हुंगलं आणि उठून उभा राहिला. वारं फिरलं होतं.

आजा घाबरट नव्हता आणि अडाणीही नव्हता. वणवा त्यानं जन्मभर बघितला होता. त्यानं भराभर कामं वाटली. बाप आणि चुलता यांनी जांभळीच्या वरच्या अंगाला गवताची रुंद ओळ कापून मोकळी करायची, म्हणजे आग तिथं अडेल. आई आणि चुलतीनं ओढ्यावरून मिळेल त्या भांड्यात पाणी आणून खोपीजवळ ठेवायचं. त्यानं स्वतः खोपीभोवतीच्या पेंढ्या लांब टाकायच्या. बैल पलीकडच्या अंगाला चरायला बांधले होते, ते तूर्त तिथंच. मी आईबरोबर जायचं.

बाळ झोळीत नुकतंच निजलं होतं आणि चुलतभाऊ शेजारी घोंगड्यावर पडल्या पडल्या झोपला होता. आई घागर उचलून दोन पावलं गेली आणि परत वळली. मला जवळ ओढून म्हणाली, "आबास्नी विचार, बाळाला खाली घेऊन जाऊ का."

मी विचारलं.

"निजलंय ते निजू दे," आजा म्हणाला. "पाणी आणायचं का पोर सांभाळायचं? त्याचा चुलता हाय तिथं."

त्याचा चुलता हाय तिथं. त्याचा बापही तिथंच होता, त्याच झाडाच्या वर, चुलत्याच्या बरोबरीनं गवत कापत होता. पण आजाच्या तोंडात बाप आला नाही, आणि तो आला नाही हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आईच्यासुद्धा नाही. तिनं झोळीत एकदा डोकावून बघितलं, झोळीच्या तोंडावर ओलं धडपं टाकलं आणि ती ओढ्याकडे निघाली.

ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. वाटीनं घागर भरावी लागायची. चुलती बोलत होती, मला वाटतं स्वतःलाच धीर देत होती. आई नुसती भरत होती. पहिली खेप आम्ही वर नेऊन ठेवली. दुसऱ्या खेपेला घागरी अर्ध्या झाल्या असतील नसतील, तोच वरून आवाज आला. आधी वाटलं वारं आहे. मग वाटलं खडीवरून गाडी जातेय. तो गवत जळण्याचा आवाज होता, आणि त्याच्यावरून आजाची हाक. काय म्हणाला ते कळलं नाही. आईनं घागर डोक्यावर घेतलीच नाही, काखेत मारली आणि ती चढावर पळत सुटली.

आम्ही खोपीपाशी पोचलो तेव्हा डोंगराची धार दिसत नव्हती. धुरातून खाली आगीची एक लांब ओळ येत होती, कुठं कमरेएवढी, कुठं माणसापेक्षा उंच. कापून ठेवलेली वरची ओळ तिनं कधीच ओलांडली होती. खोपीच्या खालचं रान आम्ही आधीच कापलेलं होतं. आजा त्या मोकळ्या रानात उभा राहून दोन्ही लेकांना हाका मारत होता. त्याचा पटका सुटून गळ्यात आला होता.

धुरातून आधी बाप आला. त्याच्या खांद्यावर चुलतभाऊ होता, घोंगड्यात गुंडाळलेला, किंचाळत. पाठोपाठ पण दुसऱ्याच बाजूनं चुलता आला. त्याच्या दोन्ही हातांत दावी होती आणि दाव्यांना बैल. बैलांचे डोळे पांढरे झाले होते.

बापानं चुलत्याकडे बघितलं आणि चुलत्यानं बापाकडे. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होते.

"बाळ?" बाप म्हणाला.

"तू न्हाई घेतलं?" चुलता म्हणाला.

झालं होतं ते असं. आजाची हाक ऐकून बाप झाडाकडे धावला, आणि त्याच्या हातांनी जन्मभर केलं तेच केलं. समोर दोन पोरं होती, त्यानं भावाचं उचललं. आपलं उचलायला भाऊ मागून येतोच आहे, असं तो धरून चालला. खाली मोकळ्या रानात त्याचा बाप, म्हणजे आजा, उभा होता, त्याच्याकडेच बघत. आणि चुलत्यानं दादाला झाडाकडे जाताना बघितलं. अशा वेळी कुणी रिवाज पाळत बसेल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. दोन्ही पोरं दादानं घेतली असं समजून तो बैल सोडायला पळाला. दोघांपैकी कुणाची चूक होती असं मला म्हणता येत नाही. तशी दोन माणसं परक्या घरातली असती, तर ते पोर पहिल्या माणसानंच उचललं असतं.

आईनं घागर खाली ठेवली नाही. ती बापाकडे गेली नाही, चुलत्याकडेही नाही. सरळ आजासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. "मामंजी," ती म्हणाली, "माझं पोर कुठाय?"

तिनं आजाशी थेट बोललेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आवाज मोठाही नव्हता.

बापानं चुलतभावाला खाली ठेवलं, त्याच्या अंगावरचं घोंगडं ओढून घेतलं आणि ते स्वतःच्या डोक्यावरून घेतलं. आई वळली आणि तिनं काखेतली सगळी घागर त्याच्या डोक्यावर उपडी केली. सासऱ्याच्या देखत, दिराच्या देखत. बाप तिच्याकडे बघत एक क्षण उभा राहिला आणि मग वरच्या बाजूला धावला. धुरात शिरला तेव्हा त्याच्या धोतरातून पाणी निथळत होतं.

मी त्याच्यामागं का धावले मला सांगता येणार नाही. बाळासाठी नक्की नाही, खोटं कशाला बोलू. मला एवढंच कळलं होतं, की दादा आत गेला आणि परत येणार नाही. जळून गेलेल्या पट्ट्यात सडं अजून लाल होती. चार पावलं गेले असेन, तळपायांना काय झालं ते आधी कळलंच नाही, मग कळलं तेव्हा ओरडूसुद्धा आलं नाही. चुलत्यानं मागून येऊन मला कमरेत धरून उचललं आणि मागं आणलं. तो रडत होता. एवढा मोठा माणूस रडतो हे मला नवीन होतं. "मला वाटलं, अशा टायमाला तरी दादा आपलं पोर घील," तो म्हणत होता, मला सांगत होता की कुणाला कोण जाणे.

मग वाट बघणं. खोप पेटली. गाडी पेटली, तिच्या बाजूच्या साट्या फटाफट उडाल्या. कुणी तिकडं बघितलंसुद्धा नाही. चुलतीनं आईला दोन्ही हातांनी मागून घट्ट धरून ठेवलं होतं आणि आई सुटायचा प्रयत्न करत नव्हती, नुसती वर बघत होती. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरत चालले होते. बाळाची प्यायची वेळ झाली होती. ते डाग बघून मला जी भीती वाटली तशी भीती आगीची वाटली नव्हती. आजानं कुठूनतरी करंजाची हिरवी फांदी मोडून आणली होती आणि तो मोकळ्या रानाच्या कडेनं सरपटत येणारी आग झोडपत होता. विझलेल्या जागेवरसुद्धा झोडपत होता. त्याचे ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "चुलता हाय तिथं, म्हनलं मी. चुलता हाय तिथं, म्हनलं."

गवताची आग फार वेळ एका जागी थांबत नाही. ती आमच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढ्याकडे गेली आणि तिथं दगडांत अडून विझायला लागली. वर सगळं काळं झालं होतं आणि धूर जमिनीलगत पसरला होता. जांभळीचा शेंडा तेवढा वर दिसत होता. खालची पानं करपली होती, वरची हिरवी होती.

त्या धुरातून बाप चालत आला. पळत नव्हता. त्याच्या भुवया नव्हत्या, मिशीची एक बाजू नव्हती, धोतर गुडघ्यापर्यंत जळालेलं होतं. दोन्ही हातांवर, पुढं धरून, त्यानं घोंगड्याचं गाठोडं आणलं होतं. गाठोडं हलत नव्हतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

तो मोकळ्या रानात आला आणि थांबला. समोर आजा होता, शेजारी चुलता. आणि बघा माणसाची सवय. एवढं सगळं होऊनही त्यानं ते गाठोडं चुलत्याकडे पुढं केलं. चुलत्यानंही हात पुढं केले.

"कुनाला देतोस?" आजा म्हणाला.

बाप थांबला.

"तुजं हाय ते," आजा म्हणाला. "धर. छातीशी धर त्याला." आणि त्यानं हातातली फांदी टाकली, पुढं होऊन बापाचे हात स्वतःच्या हातांनी दुमडले आणि गाठोडं त्याच्या छातीला लावलं.

बापाला पोर धरता येत नव्हतं. पुतण्याला खांद्यावर बसवणं वेगळं, आणि चार महिन्यांचं पोर धरणं वेगळं. त्यानं पेंढी आवळावी तसं त्याला आवळलं. आत बाळाला ठसका लागला. मग आणखी एक. मग ते असं रडायला लागलं, की चुलतीनं आईला धरलेले हात आपोआप सुटले. आई आली, तिनं घोंगडं बाजूला केलं आणि त्याचे पाय बघितले, हात बघितले, मान वळवून कान बघितले. काजळी सोडून त्याच्या अंगावर काही नव्हतं. बाप पुन्हा पुन्हा म्हणत होता, "झाडाखाली कायबी पेटलंच न्हाई. सगळीकडं आग व्हती, झाडाखाली न्हाई. मी तितंच बसून राहिलो त्याला पोटाखाली घिऊन." दगडाआड वगैरे न जाता आई तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं पोराला पाजायला घेतलं. आजानं तिच्याकडे पाठ केली आणि तो तसाच उभा राहिला, तिचं होईपर्यंत.

उजेड होता तोवर माणला पोचायचं ठरलं. उचलून न्यायला काही उरलं नव्हतं. एक घागर, दोन विळे आणि बैल. गवत आमचं गेलं आणि त्या शेतकऱ्याचंही. गाडीच्या चाकांची नुसती लोखंडी धाव राहिली. आजा त्याबद्दल तेव्हा काही बोलला नाही आणि पुढं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आईनं बाळाला घेतलं, चुलतीनं चुलतभावाला. माझे तळपाय फोडांनी टरारले होते. मी उभी राहायला गेले आणि खाली बसले. चुलता नेहमीप्रमाणे माझ्यापुढं पाठ करून वाकला आणि म्हणाला, "चल, बस." मी हात पुढं केले.

"तू बैलं घे," बाप मागून म्हणाला.

चुलता बाजूला झाला. बाप माझ्यासमोर आला. मला वाटलं तो काहीतरी रागावणार, मी आगीत पळाले म्हणून. त्यानं मला काखेत हात घालून उचललं आणि खांद्यावर बसवलं. आजा पुढं चालायला लागलेला होता. उतारावर त्यानं वळून आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, मीही त्याला दिसले असणार, आणि पुन्हा पुढं चालायला लागला.

मी आठ वर्षांची होते, चांगली थोराड. माझे पाय बापाच्या पोटापर्यंत लोंबत होते. त्यानं ते घोट्यांच्या वर धरले होते, फोडांना हात लागणार नाही असे. मी त्याच्या डोक्याला धरून बसले. त्याच्या अंगाला घामाचा, ओल्या घोंगड्याचा आणि जळक्या केसांचा वास येत होता. पाय इतके ठणकत होते की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माण येईपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. मला वाटत होतं, आपण आवाज केला तर त्याच्या लक्षात येईल की खांद्यावर आपलीच पोर आहे, आणि तो मला खाली ठेवेल.